हेंडरसन फील्ड : पिंपं, मुरूम आणि भोकांचे पत्रे

दुसऱ्या महायुद्धातल्या ग्वाडलकॅनालच्या लढाईबद्दल जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं वैमानिकांबद्दल असतं. जो फॉसने २६ विमानं पाडली, जॉन स्मिथने १९, वगैरे. आकडे खरे आहेत आणि ती माणसं थोरच होती. पण ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ ही सहा महिन्यांची लढाई धावपट्टीच्या कडेला उभं राहून बघितली, तर वेगळ्याच वस्तू डोळ्यांत भरतात. २०८ लिटरचं पिंप, मुरमाने भरलेला ट्रक आणि भोकं पाडलेला पोलादी पत्रा. जपान्यांनी हेंडरसन फील्ड हा अमेरिकन विमानतळ बॉम्बने, तोफांनी आणि पायदळाने फोडायचा प्रयत्न केला. धावपट्टी दर वेळी काही तासांत उभी राहिली. पेट्रोल मात्र एका रात्रीत जवळजवळ संपलं. तळ खरा तिथे मरणार होता.

धावपट्टी मुळात जपान्यांचीच. सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकॅनालच्या उत्तर किनाऱ्यावर, लुंगा नदीच्या मुखाजवळच्या सपाटीवर, जुलै १९४२ मध्ये त्यांच्या दोन बांधकाम तुकड्यांनी काम सुरू केलं. बेटावरचे ब्रिटिश जिल्हा अधिकारी मार्टिन क्लेमेन्स डोंगरात लपून रेडिओवरून याच्या बातम्या देत होते. इथून विमानं उडायला लागली तर अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाला जाणारा समुद्रमार्ग धोक्यात आला असता. म्हणून ७ ऑगस्टला अमेरिकन मरीन उतरले आणि दुसऱ्याच दिवशी धावपट्टी त्यांच्या हातात आली. काम अर्धवट होतं. जपान्यांनी दोन्ही टोकांकडून भर घालत आणली होती आणि मधोमध १९६ फुटांचा तुकडा तसाच राहिला होता.

मग साव्हो बेटापाशी ८-९ ऑगस्टच्या रात्री दोस्तांच्या चार मोठ्या क्रूझर बुडाल्या आणि ९ तारखेला मालवाहू जहाजं अर्धीमुर्धी रिकामी होऊनच निघून गेली. इंजिनियर पलटणीची बहुतेक अवजड यंत्रं जहाजांवरच राहिली. जेवण दोन वेळांवर आलं, तेही जपान्यांनी मागे टाकलेल्या तांदळाच्या आधाराने. धावपट्टी पुरी झाली तीही जपान्यांच्याच सामानावर. हाती लागलेल्या सामानाची यादी वाचण्यासारखी आहे : ९ रोड रोलर, त्यातले चालणारे ६. अरुंद रुळांची छोटी रेल्वे, पेट्रोलवर चालणारी दोन इंजिनं आणि मातीचे डबे. ६ लहान जनरेटर, त्यातले दोन कायमचे गेलेले. माती वाहायच्या सुमारे ५० हातगाड्या आणि ७५ च्या आसपास फावडी. एवढ्यावर लढाऊ विमानांचा तळ!

१२ ऑगस्टला पहिलं विमान उतरलं, पाण्यावरही उतरू शकणारं एक कॅटलिना. ते जखमींना घेऊन परत गेलं. १८ तारखेपर्यंत मधली भर पुरी होऊन धावपट्टी तयार झाली आणि तिची लांबी ३,७७८ फुटांपर्यंत नेली. मिडवेच्या लढाईत मरीनच्या डाइव्ह बॉम्बर (सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांच्या) स्क्वाड्रनचं नेतृत्व करताना मारले गेलेले मेजर लॉफ्टन हेंडरसन यांचं नाव तिला दिलं. बेटाचं सांकेतिक नाव ‘कॅक्टस’, म्हणून इथली विमानं ‘कॅक्टस एअर फोर्स’.

विमानं येण्याआधी त्यांचा शिधा यावा लागतो. १५ ऑगस्टच्या रात्री चार जलद वाहतूक विनाशिकांनी ४०० पिंपं पेट्रोल, ३२ पिंपं वंगण आणि १०० ते ५०० पौंडांचे २८२ बॉम्ब उतरवले. सोबत नौदलाच्या तळ उभारणी तुकडीतली सव्वाशेच्या आसपास माणसं होती. २० ऑगस्टला ‘लाँग आयलंड’ या छोट्या विमानवाहू नौकेवरून १९ वाइल्डकॅट लढाऊ विमानं आणि १२ डॉन्टलेस डाइव्ह बॉम्बर येऊन उतरली. स्क्वाड्रनचे स्वतःचे मेकॅनिक अजून यायचे होते. तोवर त्या तुकडीतल्या नौसैनिकांनीच विमानं सांभाळली.

आता हिशेब करू. वाइल्डकॅटच्या टाकीत सुमारे ५४५ लिटर मावतं, म्हणजे अडीचहून थोडी जास्त पिंपं. डॉन्टलेसला पाचच्या आसपास लागतात. ३१ विमानांच्या टाक्या एकदा भरायच्या तर ११० च्या आसपास पिंपं गेली. आलेली ४०० पिंपं म्हणजे चार वेळासुद्धा सगळ्यांच्या टाक्या भरता येणार नाहीत एवढीच. जहाजं फिरकली नाहीत तर तळ किती दिवस चालेल, हे पिंपं मोजून कुणालाही सांगता आलं असतं.

आणि पेट्रोल भरायचं कसं? सुरुवातीला टँकर ट्रक नव्हते. भरलेलं पिंप पावणेदोनशे किलोच्या घरात जातं. ते किनाऱ्यावर उतरवायचं, झाडीतल्या साठ्यापर्यंत न्यायचं, तिथून लोळवत विमानापाशी आणायचं आणि हातपंपाने टाकीत चढवायचं. यात घाई केली की पाणी घात करतं. पिंप उभं ठेवलं की पावसाचं पाणी वरच्या कडेच्या आत साचतं. उन्हात पिंप तापतं, रात्री गार होतं, आणि गार होताना आतली हवा आकसून झाकणाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून पिंपं आडवी ठेवायची, दोन्ही झाकणं एका आडव्या रेषेत येतील अशी, म्हणजे आतून दोन्हींवर पेट्रोलच टेकलेलं राहतं. भरताना फनेलमध्ये शॅमॉयचं मऊ चामडं घालून गाळायचं, ही त्या काळची सर्वत्र रूढ पद्धत. चामडं आधी पेट्रोलने भिजवलेलं असलं की ते पेट्रोल सोडतं आणि पाण्याचे थेंब वर अडवतं. गाळताना वेळ जातो. पण एक वाटी पाणी कार्ब्युरेटरमध्ये गेलं तर उड्डाणाच्या ऐन वेळी इंजिन गचके खातं, आणि पट्टीच्या टोकाला उभी झाडं असतील तर पुढचं सांगायला नको.

बॉम्ब चढवायच्या उचल-गाड्याही नव्हत्या. ५०० पौंडी बॉम्ब म्हणजे २२७ किलो. तो माणसांनी विमानाच्या पोटाखाली सरकवायचा आणि हातांनी उचलून आकड्यात अडकवायचा. दिवसातून दोनतीन फेऱ्या झाल्या की काय होत असेल ते समजतं.

जमीन हा वेगळाच शत्रू. कोरडी असली की काळी बारीक धूळ उडते आणि इंजिनांत शिरून त्यांची झीज करते. पाऊस आला की तीच चिकट चिखल होते. त्यात डॉन्टलेसचं शेपटीचं चाक विमानवाहू नौकेच्या डेकसाठी केलेलं, भरीव रबराचं. ते हवेच्या टायरसारखं दबत नाही, नांगराच्या फाळासारखं जमीन उकरत जातं. पहाटे निघालेल्या बॉम्बरांनी पाडलेल्या चाकोऱ्या दुपारच्या लढाऊ विमानांच्या वाटेत येत. वाइल्डकॅटच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर फार कमी. एक चाक चाकोरीत फसलं की विमान जागेवरच गर्रकन फिरून पंख जमिनीला टेकवतं. शत्रूच्या गोळीशिवाय गेलेली विमानं या तळावर थोडीथोडकी नव्हती.

९ सप्टेंबरच्या सुमाराला मुख्य पट्टीच्या पूर्वेला गवत कापून आणि रोलर फिरवून लढाऊ विमानांसाठी दुसरी पट्टी केली. नाव ‘फायटर वन’, पण सगळे तिला गायरानच म्हणत. पाऊस पडला की ती बंद. तरीही हा निर्णय अत्यंत शहाणपणाचा ठरला. तो का, ते ऑक्टोबरात दिसलं.

जपानी हल्ले दुपारी बाराच्या आगेमागेच का येत, याचं उत्तर नकाशात आहे. त्यांचा तळ न्यू ब्रिटन बेटावरच्या रबौलला, सुमारे हजार किलोमीटर दूर. जायला चार तास, यायला चार तास. जपान्यांच्या झिरो लढाऊ विमानांनी उजेडात निघून उजेडात परत पोचायचं तर लढाईची वेळ दुपारचीच उरते. मधल्या वाटेवर बूगनव्हिल बेटात लपलेले पॉल मेसन आणि जॅक रीड हे दोस्तांचे टेहळे डोक्यावरून जाणारी विमानं मोजून रेडिओवर कळवत. त्यामुळे हेंडरसनला दोनेक तासांची सवड मिळे. ती गरजेचीच होती. वाइल्डकॅट हे दमाने चढणारं विमान, बॉम्बरांच्या वर जायला त्याला अर्ध्या तासाहून जास्त लागे. उड्डाण केल्यावर वैमानिकाने चाकं वर घ्यायची तीसुद्धा हाताने, दांडा सुमारे तीस वेळा फिरवून. नवशिक्याचं विमान हेलकावे खात वर जाताना दिसे, कारण एका हाताने दांडा फिरवताना दुसऱ्या हातातली विमान वळवायची काठीही हलत असे.

जपानी हवाईदलाची माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. हजार किलोमीटरमध्ये एकही चांगला मधला तळ त्यांनी वेळेत बांधला नाही. झिरोची नवी ३२ क्रमांकाची आवृत्ती तोवर रबौलला पोचली होती, पण तिचा पल्ला कमी, ती ग्वाडलकॅनालपर्यंत जाऊन परत येऊच शकत नव्हती. बूगनव्हिलच्या दक्षिण टोकाला बुइनची पट्टी तयार व्हायला ऑक्टोबर उजाडला. तोपर्यंत जखमी झालेल्या जपानी विमानासमोर चार तासांचा समुद्र असायचा. अमेरिकन वैमानिकाने हवाई छत्री उघडली तर तो बहुधा आपल्याच माणसांजवळ पडायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा उडायचा.

अमेरिकनांच्या चुकाही कमी नव्हत्या. २२ ऑगस्टला लष्कराच्या ६७ व्या फायटर स्क्वाड्रनची पी-४०० विमानं यायला लागली. ही एअराकोब्रा या लढाऊ विमानाची निर्यातीची आवृत्ती, ब्रिटिशांच्या मागणीनुसार बनवलेली. तिची प्राणवायूची व्यवस्था जास्त दाबाच्या बाटल्यांवर चालणारी, आणि तशा बाटल्या भरायची सोय बेटावर नव्हती. त्यामुळे बॉम्बर वीस-पंचवीस हजार फुटांवर आणि ही विमानं बारा-चौदा हजारांच्या खाली. हवाई लढाईत निरुपयोगी. मग त्यांना जमिनीवरच्या फौजेवर हल्ले करायला लावलं, आणि तिथे ती चांगलीच कामाला आली. १४ सप्टेंबरच्या सकाळी धावपट्टीच्या दक्षिणेच्या टेकाडावर जपानी पायदळाला त्यांनी तोफा-मशीनगननी भाजून काढलं. ते टेकाड धावपट्टीपासून दीडेक किलोमीटरवर होतं.

आता खड्डे. १ सप्टेंबरला नौदलाच्या सहाव्या बांधकाम बटालियनचे सुमारे ३९० जण उतरले, दोन बुलडोझर घेऊन. या बांधकाम सैनिकांना ‘सी-बी’ म्हणत. त्यांचे प्रमुख जोसेफ ब्लंडन. त्यांनी काय केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण त्यात शौर्यापेक्षा मोजमाप जास्त आहे.

त्यांनी आधी खड्डाच मोजला. ५०० पौंडी बॉम्ब पडला की साधारण १,६०० चौरस फुटांचे पत्रे उखडतात, हे त्यांच्या लक्षात आलं. धावपट्टीवर अंथरायचे हे पत्रे म्हणजे ‘मार्स्टन मॅट’ : १० फूट लांब, १५ इंच रुंद, वजन ६६ पौंड म्हणजे ३० किलो, आणि पाणी निघून जावं व वजन घटावं म्हणून पाडलेली ८७ गोल भोकं. एका कडेला आकडे, दुसऱ्या कडेला खाचा. पत्रे विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून एकमेकांत अडकवायचे. एका पत्र्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट, म्हणजे एका खड्ड्याला १२८ पत्रे. ब्लंडन यांनी तेवढ्या पत्र्यांचे गठ्ठे बांधून धावपट्टीच्या कडेने ठिकठिकाणी ठेवले. एक खड्डा बुजवायला वाळू-खडी किती लागते तेही मोजलं, आणि तेवढी भरलेले ट्रक झाडीत आडोशाला तयार ठेवले. बॉम्ब पडल्यावर मुरूम कुठून आणायचा, किती आणायचा, हा विचार करायला कुणी थांबायचंच नाही.

हल्ल्याची शेवटची विमानं वळताच माणसं धावत. स्वयंपाक्यांसह सगळे. आधी वाकडे झालेले पत्रे बाहेर काढायचे. हे सांगायला सोपं आहे. पत्रे चारी बाजूंनी अडकलेले, आणि स्फोटाने पीळ पडलेले आकडे खाचांत रुतून बसलेले. उपटलेला एखादा कोपरा जरी वर राहिला तर तो टायर चिरतो. मग खड्ड्यात भर घालायची, थराथराने. इथे नवख्याचा हात चुकतो : ट्रक उपडा करून वरून सारखं केलं की खड्डा भरल्यासारखा दिसतो, पण आत पोकळ्या असतात. साडेतीन टनांचं विमान त्यावरून गेलं की जागा खचते, वरचा पत्रा पन्हळासारखा वाकतो आणि पुढच्या विमानाचं चाक त्यात आपटतं. म्हणून प्रत्येक थर चोपायचा. हाताच्या धुम्मसाने तेवढा वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी कॉम्प्रेसर आणि हवेवर चालणारे हातोडे लावले. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर ते आधी काढायचं, नाहीतर चोपलेला चिखल चिखलच राहतो. शेवटी नवे पत्रे. १०० माणसं एका ५०० पौंडी बॉम्बचा खड्डा पत्र्यांसकट ४० मिनिटांत पुरा करत. कधीकधी वर विमानं चकरा मारत असायची, टाकीतलं पेट्रोल संपत आलेली, आणि खाली हातोडे चालू.

हे इतकं चोख बसलं की जपान्यांचं गणितच बिघडलं. धावपट्टी हे बॉम्ब टाकायला आकर्षक लक्ष्य आहे, पण ती लपवायची नसते आणि ती जळत नाही. जळतं ते शेजारचं.

१३ ऑक्टोबर. दुपारचा हल्ला जवळजवळ इशाऱ्याशिवाय आला आणि ५,००० गॅलन पेट्रोल जळालं. मग डोंगराकडून जपान्यांची १५० मिलिमीटरची लांब पल्ल्याची तोफ धडाडू लागली, मरीनांनी तिला ‘पिस्टल पीट’ नाव ठेवलं. मध्यरात्र उलटल्यावर, दीडच्या सुमाराला, ‘कोंगो’ आणि ‘हारुना’ या दोन बॅटलशिप समुद्रातून समोर आल्या. १४ इंची तोफांचे नऊशेहून जास्त गोळे, सुमारे ८० मिनिटं. त्यातले काही खास विमानविरोधी, फुटल्यावर पेटत्या नळ्यांचा सडा पाडणारे. धावपट्टीवर उभ्या केलेल्या विमानांसाठी आणि पेट्रोलसाठी याहून वाईट काही नाही. ४१ माणसं गेली. ९० पैकी ४८ विमानं निकामी झाली. डॉन्टलेस बोटांवर मोजता येतील एवढीच उरली. वाइल्डकॅट मात्र निम्म्याहून जास्त वाचली, कारण ती त्या गायरानावर होती आणि गोळे मुख्य पट्टीवर.

सकाळी पट्टीला खड्डे होते, ते सी-बींनी बुजवायला घेतले. पेट्रोल जवळजवळ नव्हतंच. मग शोधाशोध. मोडून पडलेल्या बी-१७ बॉम्बरांच्या टाक्यांतून नळी लावून पेट्रोल ओढलं. झाडीत, दलदलीच्या कडेला पूर्वी विखरून ठेवलेली आणि विसरलेली पिंपं सापडली. साठा एका जागी न ठेवता विखरायचा नियम कंटाळवाणा असतो, पिंपं पुन्हा गोळा करताना शिव्या बसतात. त्या दिवशी तोच कामी आला. जपान्यांनी बांधलेली, ‘पॅगोडा’ म्हणून ओळखली जाणारी लाकडी इमारत हवाई कमांडचं कार्यालय होती. तिथले प्रमुख जनरल रॉय गायगर यांनी ती पाडायला लावली, कारण तिच्यावर नेम धरणं फार सोपं होतं.

पुढच्या रात्री क्रूझरांनी ८ इंची ७५२ गोळे टाकले. १५ तारखेला जपानी मालवाहू जहाजं भर दिवसा, पट्टीवरून दिसतील अशी, तासाफारोंगाच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवत होती. इतकी त्यांची खात्री झाली होती की हा तळ संपला. मेजर जॅक क्रॅम यांनी गायगर यांच्या स्वतःच्या संथ कॅटलिनाच्या पंखांखाली दोन टॉर्पेडो टांगले आणि त्यांच्यावर नेऊन सोडले. बाकीची विमानं गाळूनचाळून जमवलेल्या पेट्रोलवर उडाली. तीन जहाजं जळत किनाऱ्याला लावावी लागली.

या काळात पेट्रोल हवेतून आलं. डाकोटा या मालवाहू विमानाच्या नौदल आवृत्तीत, आर-४-डी मध्ये, एका फेरीला १२ पिंपं. एवढ्यावर १२ वाइल्डकॅट एक तास हवेत राहत. एक पिंप, एक विमान, एक तास. परत जाताना त्याच विमानातून जखमी नेले जात. ‘अँबरजॅक’ पाणबुडी टाक्यांत ९,००० गॅलन पेट्रोल घालून आली, ते समोरच्या तुलागी बेटावर उतरवलं. १६ तारखेला ‘मॅकफार्लंड’ हे नौदलाचं जहाज ४०,००० गॅलन घेऊन आलं आणि पिंपं उतरवत असतानाच त्याच्यावर डाइव्ह बॉम्बर तुटून पडले. शेजारचा पेट्रोलने भरलेला तराफा उडाला. मरीन वैमानिक हॅरॉल्ड बॉवर त्याच वेळी आपली स्क्वाड्रन घेऊन लांबून येत होते, टाकीत तळाशी राहिलेलं पेट्रोल. तरी त्यांनी उतरणं सोडून त्या हल्लेखोरांपैकी चार पाडले.

नोव्हेंबरात जपानी पुन्हा बॅटलशिप घेऊन आले, या वेळी ‘हिएई’ आणि ‘किरिशिमा’. १३ तारखेच्या अंधारातल्या लढाईत अमेरिकन क्रूझर-विनाशिकांनी जबर किंमत मोजून त्यांना परतवलं. लंगडत राहिलेल्या ‘हिएई’ला दिवसभर हेंडरसनच्या विमानांनी गाठून मारलं. १४ तारखेला ११ जहाजांचा ताफा आला, त्यातली सात बुडाली किंवा सोडून द्यावी लागली. लक्ष्य इतकं जवळ असेल तर एकाच विमानाच्या दिवसात अनेक फेऱ्या होतात. धावपट्टी आपल्या हातात असण्याचा अर्थ हाच.

यानंतर पिंपांवर जगायची पाळी जपान्यांवर आली. जहाजं बेटाजवळ टिकत नाहीत म्हणून त्यांनी रिकामी पिंपं धुऊन त्यांत तांदूळ भरायला सुरुवात केली. तरंगायला हवी म्हणून पूर्ण भरायची नाहीत. दोरीने ओळीत बांधून विनाशिकांच्या डेकवर रचायची, रात्री किनाऱ्याजवळ वेग न घटवता पाण्यात ढकलायची, आणि किनाऱ्यावरच्यांनी दोरीचं टोक धरून माळ ओढून घ्यायची. दोऱ्या तुटत, आणि उपाशी माणसांत ओढायची ताकद नसे. ३ डिसेंबरच्या रात्री १,५०० पिंपं सोडली, त्यातली ३१० किनाऱ्याला लागली. उरलेली उजाडल्यावर पाण्यात डुलताना दिसली, आणि हेंडरसनवरून उडालेल्या विमानांनी मशीनगनने भोकं पाडून ती एकेक करून बुडवली.